पीतज्वराची लस: दहा दिवस कागदाचे, चार आठवडे शरीराचे

जहाजावर जॉइनिंगची तारीख हातात पडली की घरात धावपळ सुरू होते. सीडीसी (खलाश्याचं सेवापुस्तक), पासपोर्ट, मेडिकल, एसटीसीडब्ल्यूची (जहाजावरच्या प्रशिक्षणाची) सर्टिफिकेटं, आणि यादीच्या तळाशी कुठेतरी ‘यलो फीवर’, म्हणजे पीतज्वराची लस. बाकीचं सगळं जमलं की मुंबईला जाता जाता टोचून घ्यायची एक सुई, इतकाच तिचा हिशेब केला जातो. लस घेतल्याचं कार्ड, म्हणजे प्रवासात दाखवायची पिवळी पुस्तिका, दहा दिवसांनी लागू होतं हे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक खलाश्याला ठाऊक आहे. म्हणून अकराव्या-बाराव्या दिवशी जहाज गाठायचं, असं गणित मांडलं जातं.

कागदापुरतं हे गणित बरोबर आहे. पण या लसीचे जे दुष्परिणाम क्वचित होतात आणि गंभीर असतात, ते पहिल्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हाही दिसू शकतात. बाराव्या दिवशी माणूस जहाजावर असेल आणि चौदाव्या दिवशी त्याला ताप भरून झटके येऊ लागले, तर आसपास ना रक्ततपासणी असते ना आयसीयू. म्हणून निघण्याच्या किमान चार, जमल्यास सहा आठवडे आधी लस घ्या आणि ते दिवस गाडीने दवाखाना गाठता येईल अशा ठिकाणी काढा. नायजेरियात कामाला जाणारे, केनियात मुलाकडे जाणारे आईवडील, आफ्रिकेची सहल ठरवलेले, सगळ्यांना हेच लागू आहे.

लस कसली आहे

पहिला गोंधळ नावात होतो. ‘पिवळा ताप’ म्हटलं की लोकांना कावीळ आठवते आणि काविळीची सुई आधी घेतली आहे, म्हणजे हेही झालं असं वाटतं. हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी वेगळ्या, पीतज्वराची वेगळी. एकीने दुसरीचं काम होत नाही आणि विमानतळावर हिपॅटायटिसचं कार्ड चालत नाही.

पीतज्वर हा डासांमधून पसरणारा विषाणूजन्य आजार आहे. तो आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात आढळतो. लक्षणं दिसलेल्या रुग्णांपैकी साधारण शंभरातल्या पंधरा जणांचा आजार गंभीर होतो. त्यांचं यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, रक्तस्राव होतो, आणि या गंभीर गटातले ३० ते ६० टक्के दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. लसीचे धोके वाचताना हा आकडा मनात असू द्या, कारण खरोखर धोक्याच्या मुलखात जाणाऱ्या निरोगी माणसासाठी लस न घेणं हा कितीतरी मोठा जुगार आहे.

लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. मॅक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात तयार केलेला १७डी हा वाण आजही वापरात आहे. त्या कामासाठी थायलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं. हा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवला जातो. आपल्याकडे कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था ही लस पुरवते. आजवर जगभर ६० कोटींहून अधिक डोस दिले गेले आहेत.

‘जिवंत’ हा शब्द लक्षात ठेवा. टोचल्यावर हा दुबळा विषाणू काही दिवस शरीरात वाढतो, म्हणूनच एका डोसात जन्मभराचं संरक्षण मिळतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खचली आहे, त्याच्या शरीरात ही वाढ आटोक्याबाहेर जाऊ शकते. कुणाला लस द्यायची नाही, याचे बहुतेक नियम यातूनच आले आहेत.

कुणाला लागते

आफ्रिका म्हटलं की लस, असा सरसकट नियम नाही. इजिप्त, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस इथे पीतज्वर नाही. पण तिथे जाताना अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलायचं असेल, तर तो थांबा मोजला जाऊ शकतो. किती तासांचा थांबा आणि विमानतळाबाहेर पडलात की नाही, यावर प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. तिकीट काढण्याआधी जायचा देश आणि वाटेतला थांबा दोन्ही तपासा. बरेचदा मार्ग बदलला की लसीची गरजच उरत नाही, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत हा सर्वांत सुरक्षित उपाय ठरतो.

परतीचा नियम जास्त कडक आहे. पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि वैध कार्ड नसेल, तर सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात ठेवतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून सहा. हा कडकपणा योग्यच आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास तोच, जो आपल्या परसातल्या पिंपात, टायरात आणि नारळाच्या करवंटीत साठलेल्या पाण्यात वाढून डेंग्यू पसरवतो. डास इथे आहे, माणसं लस न घेतलेली आहेत, फक्त विषाणू अजून आलेला नाही.

जहाजावरच्यांचं वेगळं आहे. करार होताना जहाज दुबईला असलं, तरी पुढची फेरी लागोसला, लुआंडाला किंवा ब्राझीलमधल्या सांतोसला लागू शकते. म्हणून मार्ग कुठलाही असो, खलाश्याने पहिल्या करारापूर्वीच लस घेऊन ठेवावी. तरुण वयात, अंगात ताकद असताना घेतलेला पहिला डोस सर्वांत सुरक्षित, आणि तो जन्मभर चालतो.

टोचण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

दुष्परिणाम टाळण्याचं निम्मं काम इथे होतं. केंद्रावर एक फॉर्म भरायला देतात. रांग मोठी असते, एजंट घाई करतो आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण होते. तसं करू नका. घरीच शांतपणे बसून पुढच्या गोष्टी आठवा आणि कागदावर लिहून न्या.

अंडं. अंडं खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास कोंडणं असं कधी झालं असेल तर सांगा. अशा तीव्र ॲलर्जीत ही लस देत नाहीत. उकडलेलं अंडं किंवा आम्लेट त्रासाविना खाणाऱ्याला अडचण नाही. अंडं कधीच न खाल्लेल्या शाकाहारी माणसाने ‘मला माहीत नाही’ असंच सांगावं, आणि टोचल्यावर केंद्रावर थांबण्याची वेळ अजिबात कमी करू नये. जिलेटिनची किंवा याआधीच्या कुठल्याही लसीची तीव्र ॲलर्जीही सांगा. कोळंबी, तिसऱ्या किंवा बांगडा खाऊन अंगावर पित्त उठतं, म्हणून घाबरून लस टाळणारे लोक असतात. मासळीच्या ॲलर्जीचा या लसीशी संबंध नाही. फॉर्ममध्ये लिहा, पण त्यापायी लस अडत नाही.

थायमस. छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला असलेली ही ग्रंथी बहुतेकांना माहीत नसते. थायमसची गाठ, ती काढण्याची शस्त्रक्रिया किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असेल, तर ही लस घ्यायची नाही. सर्वांत घातक दुष्परिणाम झालेल्या सुरुवातीच्या २३ रुग्णांपैकी चौघांना थायमसचा विकार होता. एवढ्या दुर्मिळ विकाराचे चार जण निघणं योगायोग नव्हे. छातीचं ऑपरेशन झालं असेल आणि कशाचं ते नीट आठवत नसेल, तर जुनी डिस्चार्ज समरी शोधून काढा.

औषधं. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा अधिक काळ चालू असेल, तर लस देत नाहीत. ते बंद केल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, केमोथेरपी, संधिवातासाठीची बायोलॉजिक इंजेक्शनं, अवयव बदलल्यानंतरच्या गोळ्या, या सगळ्यांसाठी आधी त्या त्या तज्ज्ञाला विचारा, आणि लस घेता यावी म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. दम्याचा इनहेलर, त्वचेवर लावायचं मलम किंवा गुडघ्यात घेतलेलं एखादं इंजेक्शन आड येत नाही.

इथे एक खास धोका आहे. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी गावाकडून, बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या अनेक घरांत चालू असतात. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ‘पुडी घेतली की दोन तासांत दुखणं गायब’ असा अनुभव असेल, तोंड सुजल्यासारखं गोल झालं असेल, तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा. फॉर्ममध्ये स्टेरॉइडसमोर ‘नाही’ लिहिणाऱ्याला आपण ते घेतो हे ठाऊकच नसतं.

एचआयव्ही. सीडी-४ या प्रतिकारपेशी २०० पेक्षा कमी असतील तर लस द्यायची नाही. २०० ते ४९९ मध्ये डॉक्टर तोलून ठरवतात. ही माहिती लपवण्याचा मोह होतो, विशेषतः नोकरीच्या काळजीने. केंद्रावरच्या डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा. कार्डावर त्याची नोंद होत नाही.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्यांनी लस अडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचलेली जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. साध्या सर्दीत लस चालते, पण अंगात ताप असेल तर पुढे ढकला.

इतर लसी. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी एकतर त्याच दिवशी घ्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवावं. धनुर्वात, हिपॅटायटिस, टायफॉइडचं इंजेक्शन केव्हाही चालतं.

साठीनंतर, गरोदरपणी आणि तान्ह्यांच्या बाबतीत

वय साठ किंवा जास्त असेल आणि हा पहिलाच डोस असेल, तर नुसत्या नियमासाठी लस घेऊ नका. मेंदूवरचा आणि अवयवांवरचा, हे दोन्ही गंभीर दुष्परिणाम या वयात दुपटी-तिपटीने किंवा त्याहून जास्त आढळतात. मुलाकडे महिनाभर राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी आधी विचारायचा प्रश्न असा: आपण जातोय त्या शहरात, त्या मोसमात आजाराचा खरा धोका आहे, की फक्त परतताना कार्ड दाखवायचं आहे? खरा धोका असेल तर तब्येत तपासून, महिना-दीड महिना आधी लस घ्यावी. नुसतं कार्डच हवं असेल, तर लस देऊ नये असं डॉक्टरांचं सूटपत्र मागता येतं. ते पुस्तिकेतल्या ठरलेल्या पानावर आणि लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लागतं. समोरचा देश ते मान्य करेलच असं नाही, म्हणून वकिलातीकडून आधी खात्री करा. परतल्यावर आरोग्य अधिकाऱ्यांनी निरीक्षणाखाली ठेवलं तर तेवढे दिवस हाताशी असू द्या.

गरोदर स्त्रीने शक्यतो लस टाळावी आणि प्रवासही. प्रवास टळतच नसेल आणि साथ चालू असलेल्या भागातच जायचं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवावं. लस घेतल्यावर चार आठवडे गर्भधारणा टाळा.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या लसीतला विषाणू बाळापर्यंत पोचून मेंदूज्वर झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, आणि ती बाळं महिन्याच्या आतली होती. म्हणून तान्हं बाळ असताना लस पुढे ढकलावी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस कधीच देत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यावर देणं हे योग्य.

केंद्रावर

गावातल्या दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे घेतलेली सुई प्रमाणपत्रासाठी धरली जात नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रातच जावं लागतं. मुंबईत बंदर आरोग्य आणि विमानतळ आरोग्य कार्यालय, जे. जे. रुग्णालय अशी केंद्रं आहेत. सिंधुदुर्गाला मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ जवळ पडतं. यादी आणि वार बदलत असतात, त्यामुळे आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी पाहून, वेळ ठरवूनच निघा.

वेळ ठरवण्याचं कारण बाटलीत आहे. लस कोरड्या पुडीच्या रूपात, पाच किंवा दहा डोसांच्या बाटलीत, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. सोबतचं द्रावण मिसळलं की सहा तासांत ती संपवावी लागते, उरलेली फेकून देतात. म्हणून केंद्र ठरावीक दिवशी, ठरावीक माणसं बोलावतं. अवेळी पोचलात तर रात्रभराचा कोकणकन्याचा प्रवास फुकट जाईल.

मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, चालू औषधांची यादी, जुनी आजारपणाची कागदपत्रं, आधी टोचलं असेल तर जुनं कार्ड, एवढं सोबत न्या. पोटात काहीतरी असू द्या. रात्रीचा प्रवास, सकाळपासून उपाशी आणि मग सुई, यात चक्कर येऊन पडणारे बरेच असतात. चक्कर येते ती भीतीने आणि उपवासाने, लसीमुळे नव्हे.

डोस ०.५ मिलिलिटरचा, दंडावर, कातडीखाली देतात. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसा. लसीमुळे होणारी तीव्र ॲलर्जी साधारण लाखात एकाला होते, आणि बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात. अंगभर गांधी, घसा आवळल्यासारखं वाटणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवलं तर लगेच सांगा. केंद्रावर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन असतं आणि ते वेळेवर मिळालं तर माणूस सावरतो. दादरला गाडी सुटेल म्हणून पाच मिनिटांत निघालेल्या माणसाला हा त्रास लोकलच्या गर्दीत होईल.

पुढचे चार आठवडे

शंभरातल्या दहा ते तीस जणांना किरकोळ त्रास होतो. दंड दुखतो, बारीक ताप येतो, डोकं जड होतं, अंग मोडून येतं. हे पहिल्या काही दिवसांत सुरू होऊन आठवडा, फार तर दहा दिवस रेंगाळतं. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे सहा सहा तासांनी पुरतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि आपल्याकडे डेंग्यू काही दूर नाही. पाणी, पेज, शहाळं घेत राहा. दंड दुखत असेल तर दोन दिवस जाळं ओढणं किंवा झाडावर चढणं बाजूला ठेवा. दारूने लस निकामी होत नाही, पण उलटी आणि ग्लानी दारूची की लसीची हे डॉक्टरांना कळेनासं होतं, म्हणून दहा दिवस टाळा.

एका कागदावर लस घेतल्याची तारीख आणि बॅच नंबर लिहा, आणि पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरने ताप बघून त्याखाली नोंदवा. हा कागद घरातल्या माणसाच्याही माहितीचा असू द्या. गंभीर त्रासात माणूस स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो.

गंभीर दुष्परिणाम दोन.

पहिला अवयवांवरचा. लसीचा विषाणू शरीरभर वाढून प्रत्यक्ष पीतज्वरासारखाच आजार होतो. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे हे दहा लाखांत साधारण तिघांना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्यातले जवळजवळ निम्मे दगावतात. सुरुवात बहुतेक पहिल्या आठ दिवसांत होते. चढता ताप, सतत उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद आणि मग कमी, धाप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अशी लक्षणं असतात. जवळजवळ सगळ्या नोंदी पहिल्या डोसानंतरच्या आहेत.

दुसरा मेंदूवरचा आणि मज्जातंतूंवरचा, लाखात एकापेक्षा किंचित कमी. हा तिसऱ्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत उद्भवतो आणि चार आठवडे घरी राहायला सांगण्याचं कारण हाच आहे. तीव्र डोकेदुखीसह ताप, मान आखडणं, बरळणं, झटके, चेहऱ्याची एक बाजू लोंबणं, पायांतली ताकद जाऊन ती वर वर चढत जाणं. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात.

यांपैकी एकही लक्षण दिसलं तर १०८ला फोन करा आणि आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा: जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. दारात पोचताच ‘अमुक तारखेला पीतज्वराची लस घेतली’ हे पहिलं वाक्य असू द्या. प्लेटलेट, बिलिरुबिन, एसजीओटी-एसजीपीटी, क्रिएटिनिन या तपासण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात.

डोळे पिवळे दिसले की झाडपाल्याचं औषध आणि गळ्यात माळ, हा रस्ता इथे फार जवळचा आहे. लसीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तो जीवघेणा ठरेल. अशा काविळीत एकेक दिवस मोलाचा असतो.

प्रत्येक ताप लसीचा नसतो

जून-जुलैत लस घेतली आणि त्याच आठवड्यात लावणीसाठी चिखलात उतरलात, तर पाचव्या दिवशीचा ताप लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. तापासोबत पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं, मग कावीळ आणि लघवी कमी, हे लेप्टोचं चित्र लसीच्या गंभीर दुष्परिणामाशी इतकं मिळतंजुळतं आहे की नुसत्या नजरेने फरक करता येत नाही. लेप्टोवर प्रतिजैविकं आहेत आणि ती लवकर द्यावी लागतात. ‘लसीचाच ताप आहे, उतरेल’ म्हणत थांबलात तर लेप्टो हाताबाहेर जातो. मलेरिया, डेंग्यू यांचंही तेच. बांदा-दोडामार्ग भागात जानेवारी ते मे या काळात जंगलात, काजूच्या बागेत वावर असेल तर माकडतापाचाही (गोचिडीतून होणाऱ्या तापाचाही) विचार करावा लागतो.

नियम सोपा ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांतला १०१ फॅरनहाइटच्या आतला, पॅरासिटामॉलने उतरणारा ताप घरी सांभाळा. त्यापेक्षा जास्त, किंवा उतरून पुन्हा चढलेला, किंवा पाचव्या दिवसानंतर नव्याने आलेला ताप असेल तर रक्त तपासा.

तपासणीतही एक अडचण असते. पीतज्वर, डेंग्यू आणि माकडताप यांचे विषाणू एकाच कुळातले आहेत. लसीमुळे तयार झालेली प्रतिद्रव्यं डेंग्यूच्या आयजीएम चाचणीत फसवी ‘पॉझिटिव्ह’ खूण देऊ शकतात. लसीची तारीख प्रयोगशाळेच्या कागदावर लिहायला सांगा.

शक्य असेल तर लस पावसाळ्यात न घेता दिवाळीनंतर घ्या. करार पुढच्या वर्षीचा असला तरी हरकत नाही. कार्ड जन्मभर चालतं.

लसीनंतर चार आठवडे रक्तदान करू नका. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांना लसीकरणोत्तर दुष्परिणामाची नोंद करायला सांगा. स्वतःही १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतं. त्या बाटलीतून टोचलेल्या इतरांसाठी ही नोंद मोलाची आहे.

कार्ड

पिवळी पुस्तिका हातात आली की केंद्र सोडण्यापूर्वी पाच मिनिटं वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लसीची तारीख, उत्पादक आणि बॅच, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का, आणि तुमची स्वतःची सही. खाडाखोड असलेलं कार्ड नाकारलं जातं. चूक दिसली तर तिथेच नवीन मागा, घरी पेनाने दुरुस्त करू नका.

११ जुलै २०१६ पासून एका डोसाचं प्रमाणपत्र जन्मभर वैध आहे. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. ‘एक्स्पायर झालंय, परत टोचा’ असं एजंट म्हणाला तर ही तारीख दाखवा. पुन्हा डोस लागतो तो मोजक्यांनाच: पहिल्या वेळी गरोदर असलेल्यांना, एचआयव्हीबाधितांना, किंवा नंतर बोनमॅरो बदललेल्यांना. साथीच्या भागात बराच काळ राहायचं असेल आणि दहा वर्षं उलटली असतील, तर डॉक्टर सुचवू शकतात.

सुई न टोचता कार्ड ‘करून देणारे’ भेटतात. अशा कार्डाने पकडलं जाण्याची भीती आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की लागोसच्या धक्क्यावर डास चावतो तेव्हा अंगात संरक्षण काहीच नसतं.

कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्यांकडे ठेवा. हरवलं तर ज्या केंद्राने दिलं त्यांच्याकडे तारीख आणि बॅच सांगून दुसरी प्रत मागता येते.

दहाव्या दिवसापर्यंत ८० ते १०० टक्के लोकांत संरक्षण तयार होतं, तिसाव्या दिवसापर्यंत ९९ टक्क्यांहून अधिक जणांत. महिनाभर आधी टोचण्याचा हा आणखी एक फायदा. पण ही लस मलेरियापासून मुळीच वाचवत नाही, आणि पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांवर खलाश्याला मलेरियाचा धोका मोठा असतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, संध्याकाळनंतर डेकवर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि घरी परतल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर कुठल्या बंदरांवर उतरला होतात ते डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या.